उचललेल्या टाक्यांची वीण आखडते त्याबद्दल

उचललेल्या टाक्यांची वीण, म्हणजे काही टाके न विणता नुसते दुसऱ्या सुईवर सरकवून केलेली नक्षी, आखडते म्हणून सुई दोन नंबरने मोठी घ्या, असं सांगतात ते अगदी बरोबर. फक्त आपल्याकडच्या जुन्या सुयांचे नंबर उलटे चालतात: 10 नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर. 10 नंबरवर विणत असाल तर 8 घ्यायची, 12 नव्हे. पण नुसत्या जाड सुईनं उंचीचा प्रश्न सुटत नाही. न विणता सरकवलेला टाका खालच्या ओळीतूनच वर ताणला जातो आणि शेजारच्या टाक्यांनाही जवळ ओढतो, म्हणून तेवढ्याच उंचीला ओळी जास्त लागतात.

मागच्या थंडीत साताऱ्यात भाच्यासाठी स्वेटर विणला, तेव्हा साध्या सुलट-उलटच्या हिशोबानं ओळी मोजल्या आणि पाठ चांगली चार बोटं आखूड आली. सगळी उसवली. आता आधी 30 टाक्यांचा तुकडा विणते, धुऊन सपाट वाळवते, मगच पट्टी लावून मोजते. आणि टाका सरकवताना सुई उलट टाक्याला घालतो तशीच घालायची. सुलटसारखी घातली की टाक्याला पीळ पडतो. लोकर पुढे ठेवून सरकवलंत तर टाक्यासमोर छोटी आडवी दांडी दिसते, नक्षी तिचीच बनते. ती दांडी जरा सैल सोडा. माझ्या हाताला ही सवय लागायला वेळ लागला, पण वीण मऊ पडू लागली ती त्यानंतरच.