घरातलं मोठं आजारपण आणि दवाखान्याचं बिल : तुम्ही कसं निभावलंत?

नारायणबागकर
काल मेडिकलवर माझ्या पुढे एक पोरगा उभा होता. चिठ्ठी महिन्याची, आणि तो हळूच म्हणाला, "भिया, अभी पाँच दिन की दे दो." दुकानदाराने काही न बोलता पट्टी कात्रीने कापली. घरी येईपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही.

आमच्या बाबांना जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) झाला होता. पायांतली ताकद गेली, मग हातांतली, आणि बघता बघता श्वासावर आलं. व्हेंटिलेटर. इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून द्यायचं अँटिबॉडीचं औषध) द्यायचं ठरलं. किलोमागे 2 ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. बाबा साठ किलोचे, म्हणजे 120 ग्रॅम, म्हणजे 5 ग्रॅमच्या 24 बाटल्या. डॉक्टर समजावत होते आणि माझा मनातल्या मनात गुणाकार चालला होता. आईने तिथल्याच बेसिनपाशी हाताला साबण लावून पाटल्या उतरवायला घेतल्या. निघेनात. मनगट लालबुंद झालं, तरी थांबेना. त्याच संध्याकाळी सराफ्यात गहाण टाकल्या.

बाबा आता काठी घेऊन चालतात, देवाची कृपा. पण त्या वेळी कोणाला काय विचारावं कळत नव्हतं, आणि पैशाचं बोलायची लाज वाटायची. म्हणून हा धागा. विमा, कर्ज, नातेवाईक, काय असेल ते लिहा.

पोहे_जलेबी
वाचून पोटात कालवलं. आईंच्या पाटल्या सुटल्या का हो?

नारायणबागकर
एक जोडी सुटली. दुसरी सोडवायची आहे.

सुदामानगर_२
विम्याच्या पॉलिसीतलं रूम रेंटचं कलम वाचा. बाकी काही वाचू नका, पण ते वाचाच. दादाची पॉलिसी 3 लाखांची, खोलीला रोज 1 टक्का, म्हणजे 3000. मिळाली ती खोली 6000 ची, दुसरी रिकामीच नव्हती. सगळ्यांना वाटलं वरचे तीन हजार आपण भरू. तसं नसतं! सर्जनची फी, ओटी, नर्सिंग, सगळं त्याच प्रमाणात अर्धं कापलं. औषधं आणि इम्प्लांट तेवढे पूर्ण मिळाले, त्यांना ही कात्री लागत नाही. हे भरती करताना टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारे) डेस्कवाला एका वाक्यात सांगू शकला असता. अजून राग येतो.

कढीखिचडी
मुलाला सात मिनिटांत शाळेतून आणायचंय, पटकन लिहिते. आजींचं हृदयाचं ऑपरेशन सरकारी आयुष्मान योजनेवर झालं. ऑक्टोबर 2024 पासून 70 च्या पुढच्या सगळ्यांना आहे, उत्पन्न बघत नाहीत. वर्षाला 5 लाख, पण घरात 70 वरचे दोघं असतील तर दोघांत मिळून. कार्डासाठी आजींचे अंगठे उमटेनात, आयुष्यभर भांडी घासून रेषाच उरल्या नाहीत. मग मोबाइलवर चेहऱ्याने झालं. दवाखाना यादीत आहे का आणि *तो विभाग* यादीत आहे का, दोन्ही विचारा. बाकी नंतर

बडोदेकरीण
आमच्याकडे गुजरातेत जुलै 2023 पासून आयुष्मान कार्डावर 10 लाख आहेत. सासऱ्यांची केमो त्यावरच झाली. पण कार्डाबाहेरचा खर्च कोणी धरत नाही. रिक्षा, पीईटी स्कॅन, सोबतच्या माणसाचं जेवण, माझी बिनपगारी रजा. आणि दिरांनी "आम्ही फोनवर आहोतच" म्हणणं.

पोहे_जलेबी
ताई, असे दीर घरोघरी!! 😔

बडोदेकरीण
नणंदेने मात्र न सांगता पैसे पाठवले. तेही लिहायला हवं.

रामबाग_माहेर
कोणाला इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलजवळ मराठी डबा माहीत आहे का? धाग्याशी संबंध नाही, माफ करा. मामेसासरे भरती आहेत, साधं वरण-भात हवं, वर शेव नको.

कढीखिचडी
इंदुरात शेव नको म्हणणारे मामंजी पहिल्यांदाच ऐकले 😄 आमच्या काकू देतात, व्यनि करते.

औषधवाला_निवृत्त
या लाइनीत जन्म गेला म्हणून सांगतो. बाटलीवरची छापील किंमत आणि स्टॉकिस्टचा (घाऊक विक्रेत्याचा) भाव यांत खूप अंतर असतं, विशेषतः इम्युनोग्लोब्युलिन, अल्ब्युमिन, भारी अँटिबायोटिक यांत. बाहेरून आणू का, असं विचारायचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने बनवलेल्या रुग्णहक्क सनदेत तो आहे. बिल थकलं म्हणून पेशंट अडवून ठेवता येत नाही, हेही तिच्यात आहे. आणि बिल तपशीलवार मागा, "कन्झ्युमेबल्स" असा एक आकडा घेऊन परतू नका. माझ्या बहिणीच्या बिलात डिस्चार्जनंतरच्या तारखेचे ग्लोव्हज होते. पेनाने गोल करून काउंटरवर ठेवलं, मुकाट्याने कमी केले. घरी चालू राहणाऱ्या गोळ्या जन औषधीत बघा, डॉक्टरांना विचारूनच बदला.

जीबीएसमध्ये रक्तातला प्लाझ्मा बदलणं हाही तितकाच मान्य उपचार आहे आणि बऱ्याच ठिकाणी स्वस्त पडतो. डॉक्टरांना दोन्हीबद्दल विचारावं.

नारायणबागकर
काका, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर! नोंद करून ठेवतो.

लोकमान्यनगर
क्लेम नाकारला म्हणून गप्प बसू नका. माझ्या मिस्टरांचा क्लेम "रक्तदाब आधीपासून होता, लपवला" म्हणून फेटाळला. पॉलिसी सलग पाच वर्षं झाली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय हे कारण चालत नाही, आमची तर त्याहून जुनी. आधी कंपनीला लेखी तक्रार, महिनाभर वाट, मग भोपाळला विमा लोकपालांकडे. नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायचं. फी नाही, वकील नाही. मी साधी गृहिणी, फाइल पिशवीत घालून गेले, शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. पैसे मिळाले. तेव्हा मिस्टर नव्हते राहिले, पण त्यांच्या नावावरचा "लपवलं" हा शब्द गेला.

सुदामानगर_२
काकू 🙏

पोहे_जलेबी
काकू, तुमच्यासारखं धैर्य सगळ्यांना मिळो.

राजवाडा_पुणे
मी पुण्यात, आईबाबा इंदुरात. भावाने सगळं केलं आणि आकडा मला सांगितलाच नाही. मी विचारत राहिलो, तो "बघू रे" म्हणत राहिला. शेवटी वहिनीने कर्जाचा हप्ता सांगितला. आता अर्धा हप्ता माझ्या खात्यातून जातो. भाऊ अजून नीट बोलत नाही. असं कोणाकडे झालंय का?

बडोदेकरीण
झालंय. हप्ता चालू ठेवा, बोलेल.

अकाउंटवाली
जुनी करप्रणाली घेत असाल तर कॅन्सर, किडनी निकामी होणं वगैरेंच्या खर्चावर 1961 च्या आयकर कायद्यातल्या 80डीडीबी कलमाखाली 40 हजार, पेशंट ज्येष्ठ नागरिक असेल तर 1 लाखापर्यंत वजावट. तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागते. विम्यातून मिळालेले पैसे त्यातून वजा होतात. विमा नसलेल्या ज्येष्ठ आईवडिलांच्या औषधपाण्यावर त्याच कायद्याच्या 80डी कलमाखाली 50 हजार. बिलं रोख भरू नका, रोखीचं 80डी मध्ये धरत नाहीत.

बडोदेकरीण
केमोच्या बिलांच्या फोटोकॉपी चालतील का?

अकाउंटवाली
मूळ बिलं जपून ठेवा ताई, जोडायची नसतात पण विचारलं तर दाखवावी लागतात.

रामबाग_माहेर
डबा सुरू झाला, आभार. मामंजींचं डिस्चार्ज उद्या आहे, टीपीएला रूम रेंटचं आत्ताच विचारून आले. तपशीलवार बिलही मागितलंय, संध्याकाळी देतो म्हणालेत.

औषधवाला_निवृत्त
मिळालं की फोटो पाठवा, नावं झाकून. मी रात्री बघतो.