शोषखड्डा काळ्या मातीत चालत नाही

एकांनी लिहिलंय की चाळीस घरकुलांच्या वस्तीला सामाईक सांडपाणी व्यवस्था म्हणजे उगाच खर्च, दारोदारी शोषखड्डे (सांडपाणी जमिनीत मुरवायचे खड्डे) केले की झालं. मुरमाड जागेत चालेलही. पण आपल्याकडची काळी भारी माती पाणी पितच नाही जी! उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि मृगाचे दोन पाऊस पडले की तीच माती फुगून घट्ट. मग खड्डा तुंबतो आणि बोरिंगभोवती चिखल.

हिशोब करा. जलजीवन या नळपाणी योजनेचे माणशी रोज 55 लिटर, घरात पाच माणसं, तर 40 घरांना रोज 11,000 लिटर. त्यातलं 80 टक्के सांडपाणी धरतात, म्हणजे जवळपास 9,000. हे मुरणार कुठं?

त्यापेक्षा घराघरात लहान टाकी ठेवायची, गाळ तिथंच बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी बारीक पाइपानं उताराकडच्या गिट्टीच्या वाफ्यात सोडायचं. पाणी साफ व्हायला वाफ्यात कर्दळ लावायची. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड तंत्र याच जातीचं आहे. हवा मारायला मोटार लागत नाही, त्यामुळं लाइन गेली तरी काम सुरू.

खरी गोम गाळ उपसण्यात आहे. दोन-तीन वर्षांनी तो काढावाच लागतो, नाहीतर गाळ वाहून वाफा बुजतो. आमच्याकडच्या घरकुलांच्या गल्लीत बंडी वळत नाही, तिथं उपशाचा टँकर कसा शिरणार? तेव्हा नकाशा मंजूर व्हायच्या आधीच टाक्या रस्त्याच्या बाजूला घ्या, अन् उपशाची वर्गणी घरपट्टीसोबत घ्यायचा ग्रामसभेचा ठराव करून ठेवा.