अगाशीवरची गाणी: बडोद्याच्या व्हिडिओ-रात्रीचे तुमचे अनुभव लिहा

गेल्या शनिवारी दांडिया बझारातल्या आमच्या वाड्याच्या अगाशीवर रात्री आठ ते सव्वादहा आम्ही चौदा म्युझिक व्हिडिओ दाखवले. (बाहेरगावच्यांसाठी: बडोद्यात गच्चीला अगाशी म्हणतात, मराठी घरांतसुद्धा.) मांजरपाटाचा शिवून घेतलेला पडदा, उसना प्रोजेक्टर, सतरंज्या, खाली अंगणात सेव-उसळ. चाळीसेक माणसं आली. आम्ही पंचवीस धरली होती, उसळीत दोनदा पाणी वाढवावं लागलं.

कल्पना आमची नाही. लंडनच्या बीएफआय साउथबँक या सिनेमागृहात ब्रिटिश विनोदवीर ॲडम बक्स्टन २००७ पासून ‘बग’ नावाचा कार्यक्रम करत आला आहे. नवे, डोकं लढवून केलेले म्युझिक व्हिडिओ थिएटरच्या पडद्यावर दाखवायचे आणि मध्ये मध्ये त्यांच्याखालच्या यूट्यूबवरच्या कॉमेंट्स मोठ्याने वाचायच्या. आम्ही दोन्ही उचललं. इथल्या मुलांच्या व्हिडिओंना कॉमेंट्स फारशा नसतात, म्हणून त्यांच्यासाठी चिठ्ठ्या आणि स्टीलचा डबा ठेवला.

हे करावंसं का वाटलं, तर तीन-चार मिनिटांच्या या कामामागे कुणीतरी महिनेच्या महिने घातलेले असतात, आणि आपण ते रिक्षात बसून, निम्म्या आवाजात, अंगठ्याने पुढे ढकलत बघतो. मला याचं खरंच वाईट वाटत आलंय. पूर्ण गाणं, पूर्ण अंधार, शेजारी माणूस, एवढं तरी त्या कामाला मिळायला हवं.

आलेल्यांनी इथे लिहा. ‘छान झालं’ एवढ्यावर थांबू नका. काय बघितलंत, काय खटकलं, घरी गेल्यावर काय आठवत राहिलं ते लिहा.

फाइन आर्ट्सची विद्यार्थिनी, रांगोळीचा व्हिडिओ माझा

सगळे विचारत होते म्हणून सविस्तर लिहिते. गाणं माझ्या मैत्रिणीचं, दोन मिनिटं चाळीस सेकंदांचं. सेकंदाला १२ फोटो धरले, म्हणजे १६० सेकंदांचे १,९२० फोटो. खोलीतली जमीन काळी रंगवली, कॅमेरा वर स्टँडला उलटा बांधला आणि रांगोळी चिमटीने थोडी थोडी सरकवत गेले. सरकव, मागे हो, फोटो. मे महिना होता आणि पंखा लावता येत नव्हता, कारण पंख्याच्या वाऱ्याने रांगोळी हलत नाही असं वाटतं, पण फोटो एकामागून एक लावले की सगळी जमीन शहारल्यासारखी दिसते.

पहिल्या आठवड्याचं काम पूर्ण वाया गेलं. खिडकीतून उजेड येत होता, ढग आला की फोटो गडद आणि गेला की उजळ. व्हिडिओ चालवला तेव्हा लुकलुकत होता, डोळ्यांना त्रास होईल इतका. मग खिडकीला काळा कार्डशीट लावला, एकच दिवा ठेवला, कॅमेऱ्याचं सगळं ऑटो बंद केलं आणि पहिल्या फोटोपासून सुरुवात केली. त्या दिवशी मी खूप रडले होते, आणि आईने न विचारता जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवलं होतं.

‘स्लेजहॅमर’ या गाण्याच्या व्हिडिओच्या वेळी, १९८६ मध्ये, गायक पीटर गॅब्रिएल १६ तास काचेखाली पडून राहिला होता आणि त्याच्या चेहऱ्याभोवतीच्या वस्तू एकेक फ्रेमने, म्हणजे एकेक फोटो घेत, हलवल्या होत्या, हे वाचलेलं मला त्या दिवसांत फार उपयोगी पडलं. पाठ दुखायला लागली की ते आठवायचं.

शनिवारी मी माझं काम पहिल्यांदा इतकं मोठं पाहिलं. मोराच्या पिसाऱ्यात एका ठिकाणी माझ्या अंगठ्याचा ठसा आहे. लॅपटॉपवर तो कधी दिसलाच नव्हता. पडद्यावर तो हाताच्या पंजाएवढा झाला होता, रेषान् रेष दिसत होती. आधी छातीत धस्स झालं. मग वाटलं, राहू दे.

डब्यातल्या एका चिठ्ठीत होतं, ‘पिवळा रंग हळदीचा की बाजारचा?’ बाजारचा. हळद वापरून बघितली होती, ती बोटांना चिकटते आणि चिमटीतून धार सुटत नाही.

रावपुरा, वय ६८

बाळांनो, ती चिठ्ठी माझी. उत्तर दिलंस, बरं वाटलं.

मला गेली अकरा वर्षं कमी ऐकू येतं. यंत्र लावते, पण गर्दीत ते सगळ्यांचाच आवाज वाढवतं. नातीने धरून आणलं म्हणून आले. आमच्या काळी बुधवारचं चित्रहार शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून बघायचो, दाराशी चपलांचा ढीग. तेव्हा कान चांगले होते आणि चित्राकडे माझं फारसं लक्ष नसायचं. आता उलटं झालंय. मी माणसांचे ओठ वाचते, त्यामुळे गाणारा माणूस पडद्यावर असला की मला शब्द कळतात.

पहिल्या दोन गाण्यांत मात्र माझी फार ओढाताण झाली. यंत्रातून जो काही आवाज येत होता तो आणि ओठ जुळत नव्हते. ओठ आधी, आवाज मागून. मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलं. नातीच्या कानात सांगितलं, ती उठून त्या मुलाकडे गेली.

आणखी एक. ज्यात माणूसच नव्हता, नुसते रंगांचे पट्टे आणि वर्तुळं होती, तो व्हिडिओ मला सर्वांत जवळचा वाटला. त्यात वाचायला ओठ नव्हते, म्हणून कुणापेक्षा मी मागे पडत नव्हते. मी लाकडी बाकावर हात टेकून बसले होते. मोठं वर्तुळ फुगलं की बाकातून ठोका तळहाताला लागायचा.

साउंड सांभाळणारा

काकू, चूक पूर्णपणे माझी होती, तुमच्या यंत्राची नाही. लॅपटॉपपासून स्पीकर लांब होता म्हणून मी ब्लूटूथवर जोडला होता. ब्लूटूथमध्ये आवाज गुंडाळून पाठवायचा, पलीकडे उलगडायचा, यात सेकंदाचा दहावा-पाचवा भाग सहज जातो. पाचवा भाग म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने पाच फ्रेम. फोनवर एकट्याने बघताना ॲप चित्रही तेवढंच मागे सरकवून सांभाळून घेतं. आमच्याकडे चित्र प्रोजेक्टरला वायरने जात होतं आणि आवाज हवेतून.

चाळीस जणांत ते फक्त तुम्हाला कळलं. तिसऱ्या गाण्याआधी जी पाच मिनिटं थांबलो, तेव्हा मी खालच्या मजल्यावरून लांब वायर आणून जोडली. पुढच्या वेळी तुमचा बाक स्पीकरच्या जवळ ठेवतो.

मांजलपूर, लग्नाचं शूटिंग करतो

मी धंद्यातला माणूस. वर्षाला तीस-पस्तीस लग्नं करतो, प्रत्येकाला प्री-वेडिंगचं गाणं हवं असतं आणि प्रत्येकात तेच: ड्रोन, ओढणी, मावळता सूर्य. मीच कंटाळलो होतो, पण गिऱ्हाईक तेच मागतं.

शनिवारी एका व्हिडिओत माणूस नीट गात होता आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं संथ होतं. पाणी संथ, केस संथ, ओठ मात्र गाण्याबरोबर. मध्यंतरात त्याची युक्ती कळली. गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, माणसाने त्या वेगाने ओठ हलवायचे, शूट ५० फ्रेमने करायचं आणि २५ ने चालवायचं. ओठ मूळ गाण्यावर येतात, बाकी सगळं निम्म्या वेगात. वीस वर्षं कॅमेरा हातात आहे आणि हे मी कधी करून बघितलं नव्हतं.

मंगळवारी कमाटीबागेत एका जोडप्याबरोबर केलं. गाणं दुप्पट वेगाने लावलं तर आवाज चिमणीसारखा. नवरी तीनदा हसून थांबली, माळी येऊन बघायला लागले. नवरदेवाला दोन ओळी पाठ व्हायला अर्धा तास लागला. (‘द सायंटिस्ट’ या गाण्याच्या २००२ च्या व्हिडिओसाठी कोल्डप्ले बँडचा गायक क्रिस मार्टिन सबंध गाणं उलटं म्हणायला शिकला, त्यात महिनाभर गेला. ते त्यांना सांगितल्यावर दोघं जरा जोरात आली.) चौथ्या वेळी जमलं. घरी कॉम्प्युटरवर चालवलं, तिने मान वळवली तशी वेणीतली अबोली हळूहळू फिरली, आणि ओठ बरोब्बर शब्दावर. बायकोला हाक मारून दाखवलं.

अलकापुरी

माझं थोडं वेगळं मत आहे आणि ते मनापासून लिहितो. चौदापैकी पाच-सहा व्हिडिओ असे होते की बघून झाल्यावर गाणं कुठलं होतं ते आठवेना. ओके गो या बँडचा २०१६ चा ‘द वन मोमेंट’, ज्याचा बराचसा भाग प्रत्यक्षात ४.२ सेकंदांत घडलेला आहे आणि आपण तो ताणून बघतो, तो अपवाद. एक क्षण किती मोठा असतो हेच त्या गाण्यात म्हटलंय, त्यामुळे युक्ती आणि शब्द एकाच जागी येतात. बाकीच्यांत युक्ती पुढे आणि गायक मागे. निवड करताना गाणं एकदा डोळे मिटून ऐका, ते तसं उभं राहत नसेल तर घेऊ नका, एवढी विनंती.

सुरसागरजवळून, तबल्याचा विद्यार्थी

वरच्या काकांशी मी सहमत नाही, पण आधी मला जे दिसलं ते लिहितो.

रांगोळीच्या व्हिडिओत मोर पाऊल टाकतो ते दर वेळी मात्रेवर पडतं. मी मांडीवर ताल धरून बसलो होतो, एकदाही घसरलं नाही. नंतर ताईंना विचारलं, तर गाण्याची लय मिनिटाला १२० मात्रांची. म्हणजे मात्रा अर्ध्या सेकंदाची, आणि सेकंदाला १२ फोटो म्हणजे मात्रेला नेमके सहा. तीनतालाचं, म्हणजे सोळा मात्रांचं, आवर्तन ९६ फोटोंत पूर्ण. सिनेमाच्या २४ फ्रेमने धरलं तर १९२.

घरी येऊन मी ११० च्या लयीचा हिशेब केला. २४ फ्रेमने धरलं तर मात्रेला तेरा फ्रेम आणि वर थोडंसं. ते थोडंसं सोडून तेराच धरलं तर आवर्तनाला जवळजवळ दीड फ्रेमची चूक साठते, आणि दोन मिनिटांत समेचं, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचं, पाऊल पाऊण सेकंद आधी पडतं. आमचे गुरुजी याला लय चढली म्हणतात आणि हातावर चापट मारतात. हे व्हिडिओवाले ती चूक कागदावर मोजून आधीच वाटून टाकतात.

म्हणून काका, युक्ती आणि गाणं वेगळं काढता येईल असं मला वाटत नाही. ज्याला लय कळत नाही त्याच्याने ही युक्ती होणारच नाही.

आपल्या संगीत शाळेची सुरुवात १८८६ ची, हे आम्हाला पहिल्या दिवशी सांगतात. पण तिथे शिकताना लय डोळ्यांनी मोजायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

वाडी, नऊ वर्षांच्या मुलाची आई

आमच्याकडे रविवारपासून स्वयंपाकघराचा एक कोपरा बंद आहे.

परत येताना कलाभवनावरून आलो. त्याचे बाबा म्हणाले, दादासाहेब फाळके इथेच चित्रकला शिकले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी रोपट्याची वाढ थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेत टिपली होती, ‘अंकुराची वाढ’. मुलगा रस्त्यातच थांबला. म्हणजे त्या रांगोळीवाल्या ताईसारखं? हो, तसंच, फक्त रोप आपलं आपण हलतं.

रविवारी सकाळी त्याने मेथीचे दाणे भिजवले, बशीत ओल्या कापसावर पसरले, माझा जुना फोन पुस्तकांच्या ढिगावर ठेवून चार्जरला लावला. दर वीस मिनिटांनी एक फोटो. दहा सेकंदांच्या फिल्मला १२० फोटो, म्हणजे चाळीस तास, असं गणित त्याने स्वतः मांडलं. खिडकीला कार्डशीट लावायचा हेही त्यालाच आठवलं. मी कुकर दुसऱ्या ओट्यावर लावतेय, कारण वाफेने लेन्सवर बाष्प येतं.

पहिल्या रात्री फोन आपोआप अपडेट होऊन बंद पडला आणि पहाटेचे सगळे फोटो गेले. सकाळी दाण्यांना मोड आलेले होते, पण ते फुटतानाचं काहीच नाही. तो जेवला नाही. संध्याकाळी स्वतःच नवे दाणे भिजवले. आज मोड वर वळायला लागलेत, ९१ फोटो झालेत.

आता विचारतोय की याला गाणं कुठलं लावायचं.

सुरसागरजवळून, तबल्याचा विद्यार्थी

काकू, सेकंदाला १२ फोटो आहेत ना, मग लय १२० चीच ठेवू. दहा सेकंद म्हणजे वीस मात्रा, दहा मात्रांच्या झपतालाची दोन आवर्तनं नेमकी बसतात. कुठल्या फोटोला मोड वर वळतो तेवढं त्याला लिहून ठेवायला सांगा, सम तिथे आणू. रविवारी सकाळी दहाला घेऊन या, मी तबला लावून ठेवतो.