तालीम, संस्था, भिशी, गट: कुठं कुठला शब्द?

प्रश्न (राजारामपुरी)
अकरावीच्या मुलांसाठी समाजशास्त्राची टिपणं काढतेय. प्रकरण आहे 'सामाजिक समूहांचे प्रकार आणि त्यांचे फायदे'. प्राथमिक समूह, दुय्यम समूह, अंतर्गट (आपले), बाह्यगट (परके) हे सगळं मुलं घडाघडा म्हणतात. उदाहरण मागितलं की मात्र 'कुटुंब' आणि 'कार्यालय', संपलं. पावलोपावली मंडळ असलेल्या आपल्या कोल्हापुरात हे चालायचं नाही. बोलताना हे शब्द कुठं वेगळे पडतात ते जाणकारांनी सांगा. आणि समूह की गट?

मंगळवार पेठ
सुरुवात तालमीपासून करा, दुसरीकडून केली तर पोरं ऐकणार नाहीत. शब्द अरबी, मूळ अर्थ शिक्षण. हिंदी-उर्दूत तोच अर्थ टिकला. मराठीत नाटकाची तालीम आली आणि पैलवानाची आली. कोल्हापुरात त्याच्याही पुढं जाऊन गल्लीच्या माणसांनाच तालीम म्हणायला लागले. आत लाल माती असो नसो. शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळणाऱ्या संघांची नावं बघा: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. बाहेरगावचा पाहुणा विचारतो, कुस्तीचा आणि फुटबॉलचा काय संबंध? संबंध तालमीचा आहे, खेळाचा नाही.

आता प्रत्यय बघा. आमच्यात माणूस म्हणतो, 'मी पाटाकडीलचा.' 'मी पाटाकडीलचा सभासद आहे' असं कोण बोललं तर समजायचं, अर्ज भरायला आलाय. ह्या 'चा'मध्येच तुमचा प्राथमिक समूह बसतो. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी 1909 मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा रोजचा समोरासमोरचा सहवास आणि त्यातनं तयार होणारं 'आम्ही' ह्यावरच भर दिला होता. दुसरे समाजशास्त्रज्ञ समनर, त्यांचं अंतर्गट-बाह्यगट त्याच्या तीन वर्षं आधीचं, 1906 चं. ते शिकवायला मॅचच्या दिवशी गॅलरीत बसवा, फळा लागणार नाही.

फायदा विचाराल तर दवाखान्यात रात्री रक्त लागलं की पहिला फोन तालमीत जातो. 2019 च्या महापुरात पोरं मदतीला काय बोलावल्यावर आली नव्हती. तोटाही तोच आहे म्हणा. तालमीचं भांडण लागलं की तुमचं नसलं तरी तुमचं होतं.

करवीर तालुका
शहरवाल्यांनी तालीम घेतली, आता गावाकडं या. पुण्यात 'सोसायटी' म्हटलं की फ्लॅट. आमच्यात सोसायटी म्हणजे पीककर्ज. 'संस्था' म्हणजे दुधाची संस्था. 'संस्थेत जाऊन ये' म्हटलं की पोरगं न विचारता किटली उचलतं. आणि 'संघ' म्हणजे गोकुळ, 1963 चा. हा फरक मुलांना जरूर सांगा: संस्थेचे सभासद माणसं, संघाच्या सभासद संस्था. समूहांचाही समूह असतो हे पुस्तकात शोधत बसायला नको.

इथं प्रत्यय तोच, पण मागं 'सभासद' लागतो. 'संस्थेचा सभासद'. नाव वहीत, शेअर नावावर, मत एक. सहकार कायद्यानं (1960 चा) संस्था काढायला निदान दहा माणसं लागतात, आणि ती वेगवेगळ्या कुटुंबांतली. फायदाही मोजून मिळतो: दहा दिवसांनी बिल, दिवाळीला फरक. 'फरक' हा शब्दही टिपणात घ्या. वर्षभराच्या दुधाला नंतर मिळणारी जादा रक्कम, तिच्यावर आमच्याकडं दिवाळी होते.

पुस्तकातला दुय्यम समूह कोरडा, कामापुरता असतो म्हणे. संस्थेच्या निवडणुकीला चुलत्याचं पॅनेल एक आणि मामाचं दुसरं लागलं की मग सांगा कोरडा का ओला.

इचलकरंजी
भिशी राहिली की! बाराजणी, महिन्याला हजार, ज्या बाईची चिठ्ठी निघेल तिला बारा हजार. भिशी 'धरतात', मग ती 'लागते', मग 'उचलतात'. पहिल्या महिन्यात लागली तर बिनव्याजी कर्ज, शेवटी लागली तर नुसती बचत. पण घरात ठेवलेले हजार राहतात होय? भिशीला द्यायचेत म्हटलं की नवराही मागत नाही. माझ्या मते खरा फायदा हाच. नोंदणी नाही, पावती नाही, सगळं ओळखीवर. म्हणून उचलून पसार झालेल्या बाईची गोष्ट प्रत्येक गल्लीत एक असते.

बचत गट वेगळा. दहा ते वीस बायका, ठरलेल्या दिवशी बैठक, आपसात कर्ज, वहीत हिशेब, आणि बँकेत खातं. नाबार्डनं, म्हणजे शेती-ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं, 1992 पासून गट बँकांना जोडायला घेतले. भिशी फेरा झाला की मिटते, गट चालू राहतो. म्हणून 'मी भिशी धरलीय', पण 'मी गटात आहे'.

प्रश्न (राजारामपुरी)
हे फार कामाचं. मग 'सामाजिक गट' लिहू?

मंगळवार पेठ
नको. आपल्याकडं गट 'पडतात'. नुसतं गट म्हटलं की कुठल्या साहेबांचा, हाच प्रश्न येतो. मागं 'बचत' असलं तरच शब्द निवळतो. शीर्षकात समूह ठेवा. फक्त समूह आणि जमाव एक करू नका. जमावात माणूस सापडतो, जमावाचा कोणी नसतो. बेकायदेशीर जमावाला कायद्यात पाच माणसं पुरतात, भारतीय न्याय संहितेतही आकडा तोच राहिला.

शाहूपुरी
बोर्डिंग, म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह, विसरलात. शाहू महाराजांनी 1901 मध्ये मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेक होत गेली. नाव जातीचं किंवा धर्माचं, फायदा शिक्षणाचा. राहणं दोन-चार वर्षांचं, तरी म्हातारपणी लोक 'आम्ही अमक्या बोर्डिंगातले' असंच सांगतात. हे प्राथमिक म्हणायचं का दुय्यम, ते बाईंनी ठरवावं.

करवीर तालुका
आणि पैरा? आज तुमच्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तुम्ही. वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. क्रियापद 'फेडणे'. 'पैरा फेडायचाय' म्हणून माणूस पाहुण्यांचा कार्यक्रम चुकवतो. ट्रॅक्टर आल्यापासून कमी झालाय, भांगलणीला, म्हणजे तण काढायला, बायका अजून करतात.

प्रश्न (राजारामपुरी)
बोर्डिंगचा प्रश्न परीक्षेत टाकते, उत्तर दोन्ही बाजूंनी ग्राह्य धरीन. पैऱ्याचं अनेकवचन?

करवीर तालुका
पैरे. पण 'पैऱ्यानं' हाच वापर जास्त: 'भांगलण पैऱ्यानं काढली.'