बूट होताना सुरुवातीचे मेसेज वाचताच येत नाहीत, अक्षरं तिरकी फाटलेली दिसतात

प्रश्न

घरचा डेस्कटॉप आहे, त्यावर डेबियन घराण्यातलं लिनक्स, युईएफआय बूट, ग्राफिक्स बोर्डावरचंच, वेगळं कार्ड नाही. मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा. गेले काही दिवस मशीन चालू व्हायला फार वेळ लावतंय, आधी बटण दाबून वळेपर्यंत लॉगिन यायचं आता मध्येच अर्धा मिनिट नुसतं थांबून राहतं. म्हटलं बघू तरी काय अडलंय, म्हणून ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) सेटिंगमधून क्वाएट आणि स्प्लॅश हे मेसेज लपवणारे दोन्ही पर्याय काढले, तर आता मेसेज येतात पण एक अक्षर वाचता येत नाही. ग्रबचा मेनू एकदम स्वच्छ दिसतो, एंटर दाबलं की लगेच सगळा पडदा पांढऱ्या तिरक्या रेघांनी भरतो, रेघा वरून खाली येताना डावीकडे झुकलेल्या, जणू प्रत्येक ओळ कुणीतरी ओढून ताणलीय. तो अर्धा मिनिट पडदा तसाच राहतो, मग एकदा काळा होतो आणि त्यानंतरचे मेसेज व्यवस्थित दिसतात पण ते भर्रकन निघून जातात आणि लॉगिन येतं. म्हणजे नेमकं जिथे अडतंय तिथलंच वाचता येत नाहीये.

केबल बदलून बघितली, काही फरक नाही. लॉगिननंतर सगळं नीट चालतं. ग्राफिक्स बिघडलंय का मॉनिटर का अजून काही?

पहिलं उत्तर

मॉनिटर आणि ग्राफिक्स दोन्ही ठीक असणार, बिघडलं असतं तर ग्रबचा मेनू आणि नंतरचा डेस्कटॉपही फाटला असता. तुम्ही लक्षणं फार छान लिहिलीत, त्यातच बरंचसं उत्तर आहे.

बूट होताना पडद्यावर लिहिणारा एकच जण नसतो. आधी फर्मवेअर (बोर्डातच असलेला प्रोग्राम), मग ग्रब, मग कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि कर्नलमध्येही दोन टप्पे. खरा ग्राफिक्स ड्रायव्हर लोड होईपर्यंत कर्नल फर्मवेअरने तयार करून दिलेल्या फ्रेमबफरवर लिहितो, म्हणजे मेमरीचा एक सलग तुकडा, त्यात जे टाकाल ते पडद्यावर दिसतं. खरा ड्रायव्हर आला की तो पडदा स्वतःच्या ताब्यात घेतो, तुमचा पडदा एकदा काळा होतो तो हाच क्षण. म्हणजे तुमचा गोंधळ फक्त मधल्या टप्प्यात आहे.

आता तिरकं का दिसतं ते सांगतो. १३६६ पिक्सेलची ओळ, प्रत्येक पिक्सेल ४ बाइट, म्हणजे ५४६४ बाइट. पण ग्राफिक्स हार्डवेअरला बऱ्याचदा ओळीची सुरुवात ६४ च्या पटीतच लागते, आणि ५४६४ ला ६४ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे ते प्रत्येक ओळीला ५५०४ बाइट धरतं आणि शेवटचे १० पिक्सेल मोकळे सोडतं. फर्मवेअरने कर्नलला ५५०४ सांगायला हवं, त्याऐवजी ५४६४ सांगितलं की कर्नल लिहितो एका मापाने आणि हार्डवेअर वाचतं दुसऱ्या मापाने, दर ओळीला १० पिक्सेल डावीकडे सरकतं. एक अक्षर १६ पिक्सेल उंच असतं, म्हणजे अक्षराच्या डोक्यापासून पायापर्यंत १५०-१६० पिक्सेल सरक, आणि अक्षराची रुंदी असते फक्त ८. वाचता येणं शक्यच नाही. ग्रब मात्र स्वतः मेमरीत लिहीत बसत नाही, तो फर्मवेअरलाच सांगतो की हा चौकोन पडद्यावर टाक, त्यामुळे तिथे ठीक दिसतं.

खात्री करायची असेल तर ग्रबच्या मेनूत सी दाबा, कमांडचा प्रॉम्प्ट येईल, तिथे व्हिडिओइन्फो टाइप करा (इंग्रजीत, सगळं जोडून, छोट्या अक्षरांत). मोडची यादी येईल, प्रत्येक मोडपुढे कंसात ओळीची लांबी असते. चालू मोडला चांदणी असते. तिथे काय आकडा आहे ते सांगा.

दुसरं उत्तर

एवढ्या खोलात जायची गरज नाही असं मला वाटतं. कर्नलचे मेसेज पडद्यावर नाही दिसले तरी हरवत नाहीत, ते मेमरीतल्या बफरमध्ये जमा होत असतात आणि नंतर जर्नलमध्ये (सिस्टमची नोंदवही) जातात. लॉगिन झाल्यावर जर्नलसीटीएल -के -बी -ओ शॉर्ट-मोनोटॉनिक चालवा, या बूटचे सगळे कर्नल मेसेज पहिल्या ओळीपासून मिळतील, डाव्या बाजूला सेकंदही असतात. दोन ओळींच्या सेकंदांत मोठी उडी दिसली की तिथेच अडतंय.

आणि शिफ्ट पेज-अप ने वर सरकवून बघायचा नाद सोडा, कन्सोलमधली ती सोय कर्नल ५.९ पासून काढून टाकलीय, जुन्या लेखांत अजून तेच लिहिलेलं असतं आणि माणूस उगाच की दाबत बसतो. नंतरचे मेसेज भर्रकन जातात म्हणालात, त्यासाठी फोनवर स्लो मोशनमध्ये शूट करा आणि थांबवत थांबवत बघा, मी हेच करतो.

तिसरं उत्तर

ग्रबमध्ये लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट टाका. माझा पडदा पूर्ण काळा राहायचा, त्याने लगेच सुटलं.

पहिलं उत्तर देणारा

थांबा, नोमोडसेट इथे नको. त्याने खरा ड्रायव्हर पडदा ताब्यात घेतच नाही, म्हणजे फर्मवेअरचाच फ्रेमबफर शेवटपर्यंत राहतो. वरच्या मित्राचा ड्रायव्हर आल्यावर काळं होत होतं म्हणून त्यांना उपयोग झाला. यांचं उलट आहे, यांचं ड्रायव्हर आल्यावर सुधारतं. नोमोडसेट टाकलं तर आता अर्धा मिनिट जे तिरकं दिसतंय ते डेस्कटॉपपर्यंत तिरकंच राहील.

जर्नलचं म्हणणं मात्र बरोबर आहे, आधी तेच बघा. फक्त एक गोष्ट, जर्नलमध्ये कर्नलचे मेसेज सापडतील पण इनिटरॅमएफएसमधल्या (खरी डिस्क हाती येईपर्यंत मेमरीत चालणारी छोटी तात्पुरती सिस्टम) स्क्रिप्ट जे पडद्यावर लिहितात ते तिथे असेलच असं नाही. डेबियन घराण्यात त्या स्क्रिप्ट सरळ पडद्यावर छापतात आणि पुढे जातात. तुमचा अर्धा मिनिट खरा ड्रायव्हर यायच्या आधीच जातोय, त्यामुळे मला शंका आहे की तुमचं उत्तर तिथेच आहे आणि म्हणूनच पडदा वाचता येणं गरजेचं आहे.

प्रश्न विचारणारा

सगळ्यांचे आभार, दोन्ही करून बघितलं. व्हिडिओइन्फोमध्ये चांदणी १३६६ x ७६८ x ३२ वर आहे आणि कंसात ५४६४ च आहे! खाली १०२४ x ७६८ पण आहे, त्याच्यापुढे ४०९६.

जर्नलमध्ये बघितलं तर ३.४ सेकंदाला यूएसबी कीबोर्ड सापडल्याची ओळ आहे आणि त्याच्या खालची ओळ थेट ३४ सेकंदाला, रूट पार्टिशन माउंट झाल्याची. मध्ये काहीच नाही. सिस्टमडी-अ‍ॅनालाइज (बूटचा वेळ दाखवणारी कमांड) चालवलं तर तेही सगळा वेळ कर्नलच्या खात्यात दाखवतंय. कीबोर्डमुळे अडतंय का? दुसरा लावून बघू?

पहिलं उत्तर देणारा

कीबोर्डला हात लावू नका, ती फक्त थांबण्याआधीची शेवटची ओळ आहे, थांबायचं कारण नाही. इथे खूप जण फसतात, जी ओळ शेवटी दिसते तिलाच दोषी धरतात. बाकी, इनिटरॅमएफएसमध्ये गेलेला वेळ तुमच्याकडे कर्नलच्याच खात्यात मोजला जातो, म्हणजे शंका अजून पक्की झाली.

आता १०२४ चा मोड लावू. १०२४ गुणिले ४ म्हणजे ४०९६, त्याला ६४ ने पूर्ण भाग जातो, सांगितलेलं माप आणि खरं माप एकच, तिरकं व्हायला जागाच नाही. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाइल रूट म्हणून उघडा, त्यात ग्रब_जीएफएक्समोड च्या ओळीपुढची हॅशची खूण काढून १०२४x७६८ लिहा, त्याखाली ग्रब_जीएफएक्सपेलोड_लिनक्स=कीप ही ओळ टाका म्हणजे ग्रब तोच मोड कर्नलच्या हातात देईल, मग अपडेट-ग्रब चालवून रीस्टार्ट करा. डेस्कटॉपवर याचा काही परिणाम होणार नाही, तिथे खरा ड्रायव्हर १३६६ च लावेल.

चौथं उत्तर

थोडं विषयाबाहेर, पण कुणी हा धागा शोधत येईल म्हणून लिहिते. माझ्याकडे ४के मॉनिटर आहे, तिथे अक्षरं फाटत नव्हती पण इतकी बारीक की नाक पडद्याला टेकवावं लागायचं. कन्सोल-सेटअपमधून फाँट मोठा केला तर तो नंतरच्या टप्प्यात लागायचा, सुरुवातीचं तसंच मुंगीएवढं. शेवटी कर्नलच्या ओळीत एफबीकॉन=फाँट:टीईआर१६x३२ टाकलं, हा टर्मिनसचा मोठा फाँट कर्नलमध्येच असतो, ५.० पासून आलाय, फक्त तुमच्या डिस्ट्रोने कर्नल बांधताना तो घेतलेला हवा. आणि मेसेज पळत असतील तर बूट_डिले=१०० टाकून बघा, प्रत्येक मेसेजनंतर १०० मिलिसेकंद थांबतो, हेही कर्नल तसा बांधला असेल तरच चालतं. आकडा मोठा टाकू नका, मी १००० टाकला होता, शेकडो ओळी असतात, चहा करून आले तरी बूट चालूच.

प्रश्न विचारणारा

दिसलं!! १०२४ लावल्याबरोबर अक्षरं एकदम सरळ. कीबोर्डच्या ओळीखाली आधी काहीच येत नाही, मग बऱ्याच वेळाने एक ओळ आली, फोटो काढला, त्यात लिहिलंय ‘गेव्ह अप वेटिंग फॉर सस्पेंड/रिझ्यूम डिव्हाइस’. आणि लगेच पुढे सुरू.

आता आठवलं, मागे डिस्क भरली म्हणून मी स्वॅप पार्टिशन (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) उडवून ती जागा रूटला जोडली होती आणि नंतर दुसरीकडे छोटं स्वॅप केलं होतं. त्याचाच हा प्रकार का?

पहिलं उत्तर देणारा

हो, तोच. हायबरनेट केलेलं मशीन उठवायचं असेल तर त्याचा साठा स्वॅपमध्ये असतो, म्हणून इनिटरॅमएफएस बूट होताना ते पार्टिशन शोधतं. तुम्ही उडवलेल्या पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) अजून तिथे लिहिलेला आहे, ते बिचारं साधारण ३० सेकंद वाट बघतं आणि मग सोडून देतं.

/ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम ही फाइल उघडा. त्यात रिझ्यूम=यूयूआयडी=... अशी एकच ओळ असेल. बीएलकेआयडी चालवून नवीन स्वॅपचा यूयूआयडी बघा आणि तो तिथे घाला. हायबरनेट वापरतच नसाल तर सरळ रिझ्यूम=नन लिहा. नंतर अपडेट-इनिटरॅमएफएस -यू चालवायला विसरू नका, नुसती फाइल बदलून काही होत नाही कारण बूट होताना वाचली जाते ती आतली जुनी प्रत. आणि जाता जाता /ईटीसी/एफएसटॅब (बूटला कोणती पार्टिशन लावायची त्याची यादी) मध्येही जुना यूयूआयडी राहिला नाही ना बघा, तिथे राहिला असेल तर सिस्टमडी वेगळा दीड मिनिट थांबतो, तुमचं तेवढं थांबत नाहीये म्हणजे बहुतेक ते बरोबर आहे.

प्रश्न विचारणारा

एफएसटॅब बरोबर होतं. रिझ्यूमच्या फाइलमध्ये जुनाच यूयूआयडी होता, नवीनशी एकही अक्षर जुळत नव्हतं. हायबरनेट मी कधीच करत नाही म्हणून नन लिहिलं, अपडेट केलं, रीस्टार्ट केलं. आता ३.४ सेकंदाच्या कीबोर्डच्या ओळीनंतर ३.९ ला रूट माउंट होतंय. क्वाएट मी परत लावलेलं नाही, १०२४ पण तसंच ठेवलंय, सकाळी मशीन लावलं की ओळी सरळ खाली येताना बघायला बरं वाटतं.