मदत हवी आहे : ४०० अंशांनंतर फिल्मच्या लूपमध्ये खाच

समेरियम-कोबाल्टच्या पातळ फिल्मवर काम करतोय. निओडिमियम मॅग्नेटचं क्युरी तापमान (ज्याच्या वर चुंबकत्व टिकत नाही) जेमतेम ३१० अंश सेल्सिअस, समेरियम-कोबाल्टचं ७०० च्या वर, त्यामुळे जास्त तापमानासाठी हाच पर्याय धरला. सिलिकॉनवर क्रोमियमचा थर, त्यावर स्पटरिंगने (आयनांच्या माऱ्याने अणू उडवून थर बसवणं) फिल्म, वर पुन्हा क्रोमियमचं झाकण. फिल्म आधी अमॉर्फस (स्फटिकरचना नसलेली) असते, व्हॅक्यूममध्ये ॲनील केल्यावर, म्हणजे तापवल्यावर, कोअर्सिव्हिटी (चुंबकत्व उलटायला लागणारं फील्ड) छान येते.

अडचण पुढे आहे. ४०० अंशांवर काही तास ठेवून पुन्हा व्हीएसएमवर (चुंबकत्व मोजणारं यंत्र) मोजलं, की शून्य फील्डजवळ लूप (फील्डनुसार चुंबकत्वाचा आलेख) एकदम खाली घसरतो, जणू आत एखादा मऊ फेज, म्हणजे चुंबकत्व सहज उलटणारा भाग, शिरलाय. सब्सट्रेटचा (खालच्या सिलिकॉनचा) डायामॅग्नेटिक सिग्नल वजा केलेला आहे, तेव्हा तो दोष नाही.

माझा संशय ऑक्सिडेशनवर. समेरियम ऑक्सिजन ओढून घेतं आणि मागे मोकळा कोबाल्ट उरतो. पण क्रोमियम आत झिरपत असेल तर? एक्सआरडीत (एक्स-रे विवर्तनात) कोबाल्टची रेषा इतकी पुसट की काहीच ठरवता येत नाही.

हे दोन्ही वेगळे कसे ओळखायचे? डेप्थ प्रोफाइल (खोलीनुसार कुठे कोणतं मूलद्रव्य) एक्सपीएसने (एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपी) घ्यावं की थेट टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक)? आणि झाकणाला क्रोमियमऐवजी टँटलम कुणी वापरलंय का?