मदत हवी आहे: पीएच मीटर बफरमध्ये बरोबर, हौदात मात्र चुकीचा (तातडीचं)

हौदावरचा (सकाळी ७:१२)
नमस्कार मंडळी, जरा लवकर सांगा, काय करावं कळंना झालंय. आमचं टॉवेल डाइंगचं युनिट आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. ईटीपीचा (सांडपाणी साफ करायच्या प्लांटचा) पीएच मीटर ९.४ दाखवतो आणि पीएचचा कागद लावला तर जेमतेम ६. अ‍ॅसिडचा डोसिंग पंप त्याच मीटरवर चालतो. काल रात्रीत अख्खा कॅन संपला. सकाळी बघतो तर एअरेशनच्या हौदावर (पाणी साफ करणाऱ्या जिवाणूंना हवा देतो तो) पांढरा फेस, गाळ वर तरंगतोय, आणि रोजचा ओल्या मातीसारखा वास गेलाय. प्रोब (मीटरची पाण्यात बुडवायची काचेची कांडी) काढून बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणात, धरला की बरोबर ७ दाखवतो. खराब काय आहे, प्रोब की मीटर? चारच महिन्यांपूर्वी घेतलाय, मालक नवीन घेऊ देणार नाहीत.

डिस्टिलरी_पंढरपूर (७:३१)
प्रोब बदला. आमच्याकडे मळीच्या फर्मेंटेशनला पीएच साडेचारच्या आसपास धरावा लागतो, तिथे आम्ही प्रोबवर दया दाखवत नाही. उन्हाळ्यात प्रोबची काच लवकर म्हातारी होते. आणि बदलताच आहात तर डीओसाठी (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) ऑप्टिकल सेन्सर घ्या. जुन्या पडदावाल्या सेन्सरला सतत पाणी हलतं लागतं, कारण तो स्वतःच ऑक्सिजन खातो. ऑप्टिकलमध्ये निळा प्रकाश पडतो, रंगद्रव्य चमकतं आणि ऑक्सिजन जितका जास्त तितकी ती चमक लवकर विझते. ना पडदा, ना आतलं द्रावण. ३५ अंशाला पाण्यात मुळात ऑक्सिजन ७ मिलिग्रॅमच्या आतच मावतो, त्यामुळे मे महिन्यात डीओ मोजलाच पाहिजे.

कॅलिब्रेशन_काका (७:४०)
त्यांनी डीओ विचारलेलाच नाही.
हौदावरचे भाऊ, आधी डोसिंग पंप ऑटोवरून काढा. आत्ता. मग सांगा: प्रोब नेमका कुठल्या हौदात आहे? ७ च्या आणि ४ च्या बफरमध्ये मिलिव्होल्ट किती येतात? बंद असताना प्रोब कशात ठेवता? महिन्याभरात प्लांटवर काय बदललं?

हौदावरचा (८:२५)
पंप बंद केला. प्रोब न्यूट्रलायझेशनच्या हौदात आहे, अजून कुठे असणार. ७ मध्ये उणे १२, ४ मध्ये अधिक १५८. पाणी गरम आहे, ३८ अंश. रविवारी सुट्टीला प्रोब बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात ठेवतो, स्वच्छ राहतो म्हणून. काही बदललेलं नाही, सगळं नेहमीचंच. फक्त प्रोबच्या बाजूला जो पांढरा ठिपका असतो तो काळपट झालाय.

प्रयोगशाळा_ताई (८:४४)
बॅटरीचं पाणी आजपासून बंद करा. त्यात प्रोबच्या आतलं मीठ बाहेर झिरपतं. टोपीत ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडचे चार थेंब असले की पुरे, एवढं जपलं तर प्रोब टिकतो.
काळा ठिपका म्हणजे तुमचं जंक्शन, तिथे प्रोबच्या आतलं द्रावण बाहेरच्या पाण्याला भिडतं. तुमच्याकडे सल्फर डाय (गंधकाचे रंग) किंवा हायड्रो (रंगाईतलं गंधकाचं रसायन) वापरता ना? सल्फाइड आत शिरलं की संदर्भ इलेक्ट्रोडच्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड होतं, तेच काळं दिसतं. त्यामुळे रीडिंग हळूहळू सरकतं. अशा पाण्याला डबल जंक्शनचा प्रोब लागतो. विकणाऱ्याने विचारायला हवं होतं कुठल्या पाण्यात जाणार आहे.

डिस्टिलरी_पंढरपूर (८:५२)
म्हणजे मी म्हणालो तेच. बदला.

कॅलिब्रेशन_काका (९:०५)
नाही हो. हिशोब करा. ४ आणि ७ मधला फरक १७० मिलिव्होल्ट आहे. २५ अंशाला एका पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट, ३८ अंशाला साधारण ६१.७. म्हणजे १८४ च्या पुढे यायला हवे होते, १७० आले. ९२ टक्के. ही काच म्हातारी नाही. जंक्शन मळलंय हे ताईंचं खरं, पण त्याने बफरमध्ये ७ आणि हौदात साडेतीनची चूक एका रात्रीत होत नाही. दुखणं प्रोबच्या बाहेर आहे.

सांगोल्याचा_शेतकरी (९:२०)
मधेच विचारतोय, माफ करा. डाळिंबावर फवारणीच्या पाण्याचा पीएच बघायला पेनासारखा मीटर घेतलाय, बोअरच्या पाण्याला रोज वेगळा आकडा दाखवतो. औषध खारट पाण्यात वाया जातं म्हणतात. आणि तुमच्या हौदात शेण टाका, जिवाणू परत येतील. आमच्या गोबरगॅसला तेच करतो.

प्रयोगशाळा_ताई (९:३८)
दादा, काही औषधं अल्कलीच्या पाण्यात खरंच लवकर फुटतात, म्हणून मोजताय ते योग्यच. पेनाची टोपी कोरडी ठेवता का? काच सुकली की आकडा भटकतो. रात्रभर पोटॅशियम क्लोराइडमध्ये भिजवा, मग ७ आणि ४ च्या ताज्या बफरवर लावून घ्या. उघडी राहिलेली बफरची बाटली परत वापरू नका. फळबागेशी या यंत्राचं जुनं नातं आहे: १९३४ मध्ये अर्नोल्ड बेकमन यांनी पहिला चांगला पीएच मीटर बनवला तो लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजायला. काचेचा रोध इतका प्रचंड की साध्या मापकाला तिचा विद्युतदाब कळायचा नाही, त्यांनी व्हॅक्यूम ट्यूबचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला. म्हणूनच आजही केबलच्या जोडात दमट हवा शिरली तरी आकडा बिघडतो. हौदावरच्या भाऊंनीही जोड उघडून बघावा.

जुना_वायरमन (१०:०२)
हौदावरचे भाऊ, एकच प्रश्न. आकडा चुकतो तेव्हा हौदातला मिक्सर चालू असतो का?
हे करून बघा. सगळं बंद करा, मेन स्विच खाली. प्लास्टिकच्या बादलीत हौदाचं पाणी घ्या, बादली कोरड्या फळीवर ठेवा, प्रोब बादलीत सोडा. मिक्सर चालू करून आकडा लिहा. परत सगळं बंद. तांब्याच्या वायरचं एक टोक बादलीत, दुसरं हौदात. हात काढा, लांब उभे राहा, मग मिक्सर चालू करा आणि आकडा बघा.

हौदावरचा (११:१८)
अण्णा, केलं. केबलचा जोड कोरडाच आहे. बादलीत ६.१. वायर टाकल्यावर मिक्सर चालू केला तर ९.३, ९.५, ९.४ असं नाचायला लागलं. मिक्सर बंद, परत ६.१. मी दोनदा केलं, माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना.
एक सांगायचं राहिलं. मिक्सरची मोटर जळाली होती, पंधरा दिवसांपूर्वी वाइंडिंग भरून आणली. पीएचशी तिचा काय संबंध म्हणून लिहिलं नाही.

जुना_वायरमन (११:२६)
तीच. वाइंडिंगमधून करंट बॉडीत उतरतोय, बॉडीतून शाफ्टवाटे पाण्यात. प्रोब स्वतः काही मिलिव्होल्टवर बोलतो, त्यात हा बाहेरचा मिसळला की मीटर बिचारा काय सांगणार. बफरची बाटली हौदाला जोडलेली नाही म्हणून तिथे बरोबर.
पण मीटर सोडा. त्या हौदाच्या पाण्याला कुणी हात लावू नका. रेलिंगलाही नाही. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून मोटर तपासा, अर्थिंगची पट्टी तुटली आहे का बघा, ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बायपास केला असेल तर आजच परत जोडा. मी एक माणूस अशाच हौदावर गमावलाय.

डिस्टिलरी_पंढरपूर (११:४०)
हे मला सुचलं नव्हतं. आमचे ट्रान्समीटर आयसोलेटेड (बाहेरच्या करंटपासून तोडलेले) आहेत, म्हणून कधी अनुभव आला नाही. तुम्हीही आयसोलेशनवाला बसवा.

कॅलिब्रेशन_काका (११:४७)
बसवा, पण मोटर दुरुस्त झाल्यावर. आधी बसवलात तर आकडा सुधारेल आणि पाण्यातला करंट तसाच राहील.
जिवाणूंचं: शेण टाकायची घाई नको. पाण्याचा पीएच ७ ते ८ वर आणा, थोडा सोडा अ‍ॅश लागेल, तो हाताने आणि थोडा थोडा. मग शेजारच्या चालू ईटीपीतून जिवंत गाळ आणा, रंगाच्या पाण्याला सरावलेले जिवाणू त्यात असतात. खाद्याला युरिया आणि डीएपी, १०० बीओडीला (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) ५ नत्र आणि १ स्फुरद या मानाने.

सांगोल्याचा_शेतकरी (१२:०५)
शेणाचं मागे घेतो. टोपी कोरडीच होती, ताई.

हौदावरचा (दुपारी ४:५०)
मेगर लावला, मोटर बॉडीला लागलेली निघाली. अर्थची पट्टी गंजून सुटली होती, रंगाच्या डब्यामागे पडली होती. मिक्सर काढून ठेवलाय, हौदाभोवती दोरी बांधली आणि दोन्ही पाळ्यांच्या पोरांना स्वतः उभं राहून सांगितलं. त्यातला एक रोज पाण्यात हात घालायचा.
आज रात्री मी थांबतोय, दर तासाला कागद लावून वहीत लिहीन. शेजारच्या युनिटवाल्यांनी सकाळी दोन पिंप गाळ द्यायचं कबूल केलंय. काका, दोन पिंप आमच्या ४० घनमीटरच्या हौदाला पुरतील का, की अजून मागू?

कॅलिब्रेशन_काका (५:०४)
कमीच पडतील. जमेल तितका मागा, टँकरभर मिळाला तरी घ्या. पहिले दोन दिवस रंगाचं पाणी पाव हिस्साच सोडा, ब्लोअर बंद करू नका. वहीतले आकडे सकाळी इथे टाका.